त्या छोट्या निळ्या आकड्यावर क्लिक कोण करतं?

परवा गावी गेलो होतो. बारवेजवळ नवा फलक लागलाय. वर ग्रामपंचायतीचं नाव, शेजारी बारवेचा फोटो आणि खाली माहिती : "ही ऐतिहासिक बारव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी इ. स. १७७२ मध्ये बांधली."

फलकावर गाव खूश आहे. शाळेची पोरं त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढतात. मी मात्र तिथे पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. कारण ते वाक्य माझं आहे. आणि ते चुकीचं आहे.

पोस्ट मोठी आहे, पण जमलं तर शेवटपर्यंत वाचा. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, का ते पुढे येईलच.

२०१४ साली मराठी विकिपीडियावर आमच्या गावाचं पान दीड ओळीचं होतं. अमुक हे तमुक तालुक्यातलं एक गाव आहे, संपलं. मला वाईट वाटलं. एवढी देखणी बारव, तीन बाजूंनी पायऱ्या, आत कमानी, आणि तिचा साधा उल्लेख नाही? खातं उघडलं आणि लिहायला बसलो. आधार काय होता? घरात शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका पडलेली होती, १९९७ ची. त्यात एका लेखात एवढंच होतं, की गावची बारव सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी अहिल्यादेवींनी बांधली असे म्हणतात.

मी काय केलं असेल? १९९७ मधून २२५ वजा केले. १७७२ आले. अहिल्यादेवींचा कारभार १७६७ ते १७९५, म्हणजे बरोबर बसतंय! मग 'सुमारे' काढलं, 'असे म्हणतात' काढलं आणि ठोक वाक्य टाकून दिलं. स्मरणिकेचा उल्लेखही केला नाही, कारण संदर्भ कसा द्यायचा तेच तेव्हा येत नव्हतं.

काही महिन्यांनी कुणीतरी त्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' असा शेरा मारला. योग्यच होतं. मी दुर्लक्ष केलं. दोन वर्षांनी एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत 'एका दिवसाची सहल' छाप लेख आला. त्यात आमची बारव आणि त्यात १७७२. लिहिणाऱ्याने साल कुठून आणलं? माझ्याच ओळीवरून. दुसरीकडे ते असणंच शक्य नव्हतं, ते माझ्या वजाबाकीतून जन्माला आलं होतं. मग आणखी कुणीतरी, अगदी चांगल्या हेतूने, 'संदर्भ हवा' काढून तिथे त्या पुरवणीची लिंक दिली. वाक्यापुढे कंसातला छोटा निळा आकडा आला आणि विषय मिटला.

त्यानंतर ब्लॉग, युट्यूबचे व्हिडिओ, दुसऱ्या पेपरांतले लेख. आता तर मोबाईलला तोंडाने विचारलं तरी तो १७७२ सांगतो. आणि शेवटी हा फलक. ग्रामपंचायतीत विचारलं, माहिती कुठून घेतली? उत्तर मिळालं, "नेटवरून. पण संदर्भ बघूनच घेतलीय हो!"

या प्रकाराला इंग्रजीत नावही आहे, 'सायटोजेनेसिस'. रँडल मन्रो या व्यंगचित्रकाराने २०११ मध्ये आपल्या 'एक्सकेसीडी' या मालिकेत हा शब्द वापरला. विकिपीडियावर कुणीतरी बिनआधाराची ओळ टाकतो, घाईतला लेखक ती उचलून छापतो, आणि मग तेच छापलेलं त्या ओळीचा आधार बनतं. आपल्याकडे यासाठी शब्द नाही, पण माणसं भरपूर आहेत. त्यातला एक मी.

आता खरं काय ते सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात गावातल्या पोरांनी बारवेतला गाळ काढला. महिनाभर घमेली वाहिली. आतल्या कमानीवरचा चुन्याचा थर खरवडताना खाली अक्षरं दिसली. मला फोन आला. मी फोटो मागवले, नंतर स्वतः जाऊन कागदावर ठसा घेतला आणि शिलालेख वाचणाऱ्या एका जाणकारांना दाखवला. पाच ओळी आहेत. शेवटच्या ओळीतला काही भाग झिजलाय, पण साल स्वच्छ आहे : शके १७४६. शकात ७८ मिळवले की १८२४. अहिल्यादेवींचं निधन १७९५ चं. म्हणजे त्यांच्या मागे एकोणतीस वर्षांनी. पेशवाई जाऊनही सहा वर्षं झाली होती.

आणि बांधणाऱ्याचं नावही स्वच्छ आहे. गावातल्याच एका तेल्याच्या घरातली विधवा बाई. राणी नाही, सरदारीण नाही. लोकांना आणि गुरांना पाणी मिळावं म्हणून तिने बारव बांधवली, असा त्या ओळींचा अर्थ.

तिच्या घरातले लोक आजही गावात आहेत. खालच्या आळीत. घरातले सगळ्यात मोठे आप्पा, ऐंशीच्या पुढचे. त्यांच्याकडे गेलो, फोटो दाखवला, नाव वाचून दाखवलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमची आज्जी सांगायची, बारव आपल्या घरातल्या बाईनं बांधलीया म्हून. शाळंत सांगितलं तर पोरं हसायची. मग ते तुमचं कॉम्प्युटरवर आलं, पेपरात आलं. म्हटलं, शिकलेली माणसं लिहित्यात म्हंजी तसंच आसंल. आम्ही बोलायचंच सोडून दिलं."

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिता येणार नाही. मी गावाची सेवा केली म्हणून मिरवत होतो. आणि प्रत्यक्षात काय केलं होतं, तर एका घराने दीड-दोनशे वर्षं तोंडी सांभाळलेली आठवण एका वजाबाकीने बंद पाडली होती. अहिल्यादेवींनी देशभर घाट, विहिरी, देवळं बांधली, त्यांच्या खात्यावर आमची एक बारव जास्त टाकायची काहीच गरज नव्हती. पण त्या बाईच्या खात्यावर ही एकच होती.

कुणी म्हणेल, एका खेड्यातल्या पानाचं काय घेऊन बसलात, मोठ्या लेखांवर लोकांचं लक्ष असतं. असतं का?

डिचोलीची गोष्ट ऐका. गोव्यातली डिचोली. इंग्रजी विकिपीडियावर जुलै २००७ मध्ये एक लेख आला : १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोलीवरून झालेलं युद्ध. साडेचार हजार शब्दांच्या आसपास. कारणं, लढाया, शेवटी तह, सगळं व्यवस्थित. खाली संदर्भांची ओळ. दोनच महिन्यांत त्याला तिथल्या 'चांगला लेख' या दर्जाचा शिक्काही मिळाला. आणि तो शिक्का पाच वर्षं टिकला. डिसेंबर २०१२ मध्ये एका वापरकर्त्याने संदर्भातली पुस्तकं शोधायला घेतली, तेव्हा कळलं की ती पुस्तकंच अस्तित्वात नाहीत. युद्धही नाही. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत रचलेलं.

आता तुम्हीच सांगा, १६४० मध्ये मराठा साम्राज्य कुठून आलं? शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे ते दहा वर्षांचे होते. राज्याभिषेक १६७४ चा. डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती. चौथीच्या इतिहासाचं पुस्तक नीट वाचलेल्या कुठल्याही पोराने पहिल्याच ओळीला हात वर केला असता. पण तपासणाऱ्यांनी भाषा तपासली, मांडणी तपासली, प्रत्येक परिच्छेदाला आकडा आहे का ते तपासलं. आकड्यावर क्लिक करून पुस्तक शोधायचं मात्र पाच वर्षं कुणाला सुचलं नाही. आणि ज्यांना सन बघताच खटकलं असतं, त्या आपल्यापैकी कुणी तिथे फिरकलंही नसावं.

त्याच डिचोली तालुक्यात नार्वे गावी सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख तिथे आहे. पां. स. पिसुर्लेकरांनी आयुष्य घालवून गोव्याच्या दफ्तरातले कागद उजेडात आणले, त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ मराठीत १९६७ साली आलाय. म्हणजे खरे पुरावे होते. दगडात होते, मराठी पुस्तकात होते. पण खोट्या युद्धाला इंग्रजी पुस्तकांची खोटी नावं पुरली.

हे झालं नसलेल्या पुस्तकांचं. असलेल्या पुस्तकांचा प्रश्न याहून अवघड आहे. पुस्तक खरं, पान खरं, वाक्यही खरंच तिथे आहे. पण लिहिणारा कोण?

फेब्रुवारी २०२५ आठवा. 'छावा' नुकताच आला होता आणि इंग्रजी विकिपीडियावरच्या संभाजी महाराजांच्या लेखातल्या मजकुरावरून रान पेटलं. महाराष्ट्र सायबरने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली, पुढे काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. त्या आठवड्यात माझ्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच स्क्रीनशॉट फिरत होता. राग मी समजू शकतो. पण त्या स्क्रीनशॉटमधल्या आकड्यांवर क्लिक करून खाली कुठली पुस्तकं आहेत हे बघितलेला माणूस मला त्या ग्रुपांमध्ये भेटला नाही. खरा वाद तर तिथे होता.

संभाजी महाराजांची जी वाईट प्रतिमा पिढ्यानपिढ्या चालत आली, तिच्या मुळाशी एक मोठा आधार म्हणजे मल्हार रामराव चिटणीसांची बखर. ती लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे संभाजी महाराजांनंतर शंभरहून जास्त वर्षांनी. आणि लिहिणारे कोण? बाळाजी आवजी चिटणीसांचे वंशज. बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला होता. म्हणजे ज्या घरातल्या कर्त्या माणसाला राजाने मारलं, त्या घरातल्या माणसाने चार पिढ्यांनी त्या राजाचं चरित्र लिहिलं. बखर टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण वाचताना हे माहीत असायला हवं की नको?

पुढे १८२६ मध्ये ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत छापून आला. त्याच्या आधारांत ही चिटणीसांची बखर होती. नंतरच्यांनी डफचा आधार घेतला. पुढच्यांनी त्या नंतरच्यांचा. नाटकं आली, कादंबऱ्या आल्या. वरवर पाहिलं तर वीस पुस्तकं एकच गोष्ट सांगतायत असं वाटतं, पण खाली खणत गेलं की बऱ्याचदा तोच एक झरा लागतो. माझ्या १७७२ सारखंच. फरक एवढाच, की तेव्हा इंटरनेट नव्हतं.

हा गुंता सोडवला तो वा. सी. बेंद्र्यांसारख्या माणसांनी. चाळीसेक वर्षं कागद शोधून त्यांनी १९६० मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र छापलं. मग कमल गोखल्यांचं 'शिवपुत्र संभाजी' आलं. बखरीपेक्षा त्या काळातली पत्रं, सनदा, परक्यांच्या नोंदी यांवर भर देऊन त्यांनी काम केलं. ही पुस्तकं मराठीत आहेत. पण जगभरातला कुणी तो इंग्रजी लेख लिहायला बसतो, तेव्हा त्याला हाताशी काय मिळतं? नेटवर फुकट सापडणारी जुनी इंग्रजी पुस्तकं. कॉपीराइट संपलेली, स्कॅन झालेली, शोधलं की वर येणारी. बेंद्रे त्याला वाचता येत नाहीत, आणि ज्यांना येतात ते पान नंबर द्यायला जात नाहीत. ते स्क्रीनशॉट फॉरवर्ड करतात.

पोलीस नोटीस पाठवू शकतात. पान नंबर पाठवू शकत नाहीत. ते काम आपलंच आहे.

उलटा प्रकारही आहे, तोही सांगितला पाहिजे, नाहीतर मी एकाच बाजूचं बोलतोय असं होईल. आमच्या भागातल्या एका नेत्याचं पान बघा. संदर्भांची रांग लागलीय. एकेक उघडत गेलो तर बहुतेक त्यांच्याच वेबसाइटवरचे, त्यांच्याच वाढदिवसाच्या पुरवणीतले, त्यांच्याच कारखान्याच्या अहवालातले. टीका करणारी एक बातमी पूर्वी होती, ती 'संदर्भ विश्वसनीय नाही' म्हणून काढलेली दिसते. इतिहासातल्या पूर्वग्रहावर आपण चिडतो, आणि आपल्या माणसाच्या पानावर तेच करतो.

परत गावाकडे येतो, कारण खरी गंमत पुढे आहे.

मी माझी चूक दुरुस्त करायला गेलो. अहिल्यादेवींचं वाक्य काढलं, शिलालेख आणि शके १७४६ लिहिलं. दोन दिवसांत माझी दुरुस्ती उलटवली गेली. कारण दिलं होतं : जुन्या वाक्याला प्रकाशित संदर्भ आहे, नव्याला नाही, आणि विकिपीडियावर स्वतःचं संशोधन टाकता येत नाही.

पहिल्यांदा डोकं फिरलं. अरे, खोटं मीच लिहिलंय, मीच सांगतोय की ते खोटं आहे! पण रात्री शांतपणे विचार केला तेव्हा पटलं की नियम बरोबर आहे. उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, आमच्या विहिरीवर आम्ही दगड वाचला. त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? माझ्यावर तरी का ठेवायचा? माझा आधीचा अनुभव काय आहे, ते तर वर लिहिलंच आहे.

मग रीतसर रस्ता धरला. लेखाच्या चर्चा पानावर सगळी तारीखवार हकीकत मांडली. 'इतिहास' या टॅबमध्ये प्रत्येक बदलाची तारीख राहते, त्यामुळे माझी ओळ २०१४ ची आणि पुरवणीतला लेख दोन वर्षांनंतरचा हे कुणालाही तपासता येतं. म्हणजे तो लेख त्या ओळीचा आधार होऊच शकत नाही. हे पटलं आणि १७७२ निघालं. सध्या त्या जागी काहीच नाही. शिलालेखाचं वाचन, फोटो आणि ठशासकट, एका त्रैमासिकाकडे पाठवलंय. तिथे जाणकार तपासतील, चुकलं असेल तर दुरुस्त करतील, मग छापतील. त्यानंतर ते विकिपीडियावर जाईल. मी नाही टाकणार, दुसरं कुणीतरी टाकेल. म्हणूनच आज गावाचं आणि त्या बाईचं नाव इथे देत नाही. दिलं, तर उद्या कुणीतरी ही फेसबुक पोस्टच संदर्भ म्हणून लावेल.

तुमच्याकडून एकच हवंय. आज रात्री आपल्या गावाचं पान उघडा. मराठीत असेल तर मराठीत, इंग्रजीत असेल तर तेही. इतिहासाचं एक वाक्य निवडा, फक्त एक. त्याच्या पुढच्या आकड्यावर क्लिक करा. पुस्तक खरंच आहे का बघा. मिळालं तर त्या पानावर ते वाक्य आहे का बघा. बातमी असेल तर तारीख बघा, ती विकिपीडियावरच्या ओळीच्या आधीची की नंतरची. आणि लिहिणाऱ्याचा त्या गोष्टीत काय संबंध होता, हे जमलं तर शोधा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

चूक सापडली तर भांडू नका. लिहिणारा बहुतेक वेळा दुष्ट नसतो, माझ्यासारखा उत्साही असतो. चर्चा पानावर लिहा, योग्य पुस्तकाचं नाव आणि पान नंबर द्या. ज्यांच्या घरी तालुक्याचे जुने इतिहास, गॅझेटियर, संस्थानांची दफ्तरं, देवस्थानच्या जुन्या वह्या आहेत, त्यांनी तर जरूर द्या. कपाटात ठेवून त्यांना वाळवीच लागणार आहे.

आणि एक. घरातली म्हातारी माणसं काही सांगत असतील तर "नेटवर तसं नाहीये" म्हणून त्यांना गप्प करू नका. ते सांगतात ते सगळं खरं असेलच असं नाही. पण ते लिहून ठेवा. कुणास ठाऊक, चुन्याखाली काय निघेल.

फलकाचं सरपंचांशी बोललोय. त्रैमासिकात छापून आलं की बदलू म्हणाले. खर्च मी देतो म्हटलं, ते हसले. आप्पांना हे सांगायला गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "किती दिवस लागत्याल?"

मी म्हटलं, आप्पा, पाच-सहा महिने.

"बघ बाबा. जमलं तर मी असंपतोर कर."